शिलाई मशीनखालचे ‘घरटे’

भोसल्यांच्या काळापासून रायपुरात नांदणाऱ्या मराठी कुटुंबांना पंडरीचे कापड मार्केट काही नवे नाही. सण जवळ आला की तिथून हौसेने कापड आणायचे, मुलीचा फ्रॉक बेतायचा आणि मशीनवर बसायचे. पण चार टाके पडताच मशीन अडते. कापड उलटून पाहावे, तर खाली धाग्यांचा पुंजका!

इंग्रजीत शिवणकाम करणाऱ्या बायका याला ‘बर्ड्स नेस्ट’, म्हणजे पक्ष्याचे घरटे म्हणतात. गळाच्या चरकावर दोरा गुंतला तरी हाच शब्द. विजेच्या तारांचे जंजाळ झाले की पक्ष्याऐवजी उंदीर येतो, ‘रॅट्स नेस्ट’! आपल्याकडे मात्र खोपा म्हटले की आठवते सुगरणीचे सुबक विणकाम; आणि केसांचा नीटनेटका बांधलेला अंबाडाही खोपाच. विस्कटलेल्यासाठी आपले शब्द वेगळे. दोऱ्याचा होतो तो गुंता, फणीत अडकतो तो गुंतवळ. ओढताच सुटते ती सुरगाठ आणि सुटता सुटत नाही ती निरगाठ.

दोष खाली नव्हे, वर

घरटे खाली दिसते, म्हणून बहुतेक जणी बॉबीनला दोष देतात आणि तिचा स्क्रू पिळत बसतात. इथेच फसगत होते. कापडाच्या खालच्या बाजूला फासे पडले, तर दोष बहुधा वरच्या धाग्याचा असतो. धागा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसला नाही, की तो सैल सुटतो आणि खाली साचत जातो.

उपाय सोपा आहे. धागा ओवताना कापड दाबणारा पाय वर उचलून ठेवा. बहुतेक मशीनमध्ये त्यामुळे चकत्या उघडतात आणि धागा आत बसतो. सुई सर्वांत वर आणून रिळापासून पुन्हा ओवा. शिवायला सुरुवात करताना दोन्ही धाग्यांची टोके मागे धरून ठेवा. बोथट सुई बदला, बॉबीनजवळचा कचरा ब्रशने काढा.

ओढू नका!

घरटे झालेच, तर कापड हिसकू नका. नवे कापड फाटते, सुई वाकते. पाय उचला, चाक हाताने फिरवून सुई वर घ्या आणि खालचे धागे कात्रीने कापा.

रिळे डब्यात सुटी टाकू नका. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेतील दोन शास्त्रज्ञांनी २००७ मध्ये दोरी पेटीत घालून ३,४१५ वेळा घुसळली. काही सेकंदांतच गाठी पडत होत्या. दीड फुटापेक्षा आखूड दोरीला मात्र त्या जवळजवळ पडल्याच नाहीत. म्हणून लोंबणारे टोक रिळाच्या खाचेत अडकवून ठेवा.

आणि नव्या कापडाला हात घालण्याआधी चार टाके चिंधीवर घालून पाहा. गुंता व्हायचाच असेल, तर तो चिंधीवर होऊ दे; मुलीच्या फ्रॉकवर नको.