ताम्र संयुगे, सौंदर्यप्रसाधनांतील

रंग देणे, जंतूंची वाढ रोखणे किंवा त्वचेची निगा राखणे या हेतूंनी प्रसाधनांत घालण्यात येणारी तांब्याची संयुगे. यांत मोरचूद (कॉपर सल्फेट), ताम्र थॅलोसायनीन, ताम्र क्लोरोफिलीन व ताम्र पेप्टाइड ही प्रमुख होत. या सर्वांत तांबे असले, तरी त्यांची सुरक्षितता सारखी नाही. संयुग पाण्यात विरघळते की नाही, त्याची मात्रा किती आहे आणि ते शरीराच्या कोणत्या भागाला लागते, या तीन गोष्टींवर अपाय अवलंबून असतो. प्रसाधनांविषयीचे कायदेही मुख्यतः याच तत्त्वावर रचलेले आहेत.

इतिहास : प्राचीन ईजिप्तमध्ये मॅलॅकाइट या हिरव्या ताम्र खनिजाची पूड डोळ्यांभोवती लावीत. भारतीय वैद्यकात मोरचूद ‘तुत्थ’ या नावाने परिचित असून नेत्ररोगांवरील अंजनांत व व्रणांवरील लेपांत त्याचा उपयोग सांगितलेला आहे. मात्र अशुद्ध ताम्रामुळे वांती व भ्रम हे दोष उद्भवतात, असे सांगून रसग्रंथांनी शोधनावाचून त्याचा वापर वर्ज्य मानला आहे. प्रतिजैविके उपलब्ध होण्यापूर्वी खुपऱ्यांच्या रोगात पापणीच्या आतील बाजूस मोरचुदाची कांडी फिरवीत. हा उपचार दाहक असे व तो वैद्याच्या हातूनच होई. महाराष्ट्रात घरगुती काजळ धरण्यासाठी दिव्याच्या ज्योतीवर तांब्याचे भांडे धरण्याची रीत होती. तीत काजळी हा मुख्य घटक असून तांबे हे केवळ पात्र असे.

रासायनिक स्वरूप : मोरचुदाच्या निळ्या स्फटिकांत पाण्याचे पाच रेणू असतात व वजनाने सु. २५% तांबे असते. ते पाण्यात सहज विरघळते आणि द्रावणात तांब्याचे आयन मुक्त होतात. जीवपेशींवर क्रिया करणारा घटक हाच होय. ताम्र थॅलोसायनिनात सु. ११% तांबे असते. परंतु ते मोठ्या कार्बनी वलयाच्या मध्यभागी घट्ट बांधलेले असल्याने हे निळे रंगद्रव्य पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याचे क्लोरिनीकरण केले असता हिरवे रंगद्रव्य मिळते. ताम्र क्लोरोफिलीन हे वनस्पतींतील हरितद्रव्यापासून, त्यातील मॅग्नेशियमाच्या जागी तांबे घालून तयार करतात. त्वचेच्या मलमांत अलीकडे वापरात आलेले ताम्र पेप्टाइड हे तीन ॲमिनो अम्लांच्या साखळीशी तांब्याचे झालेले जटिल संयुग आहे. त्यातील पेप्टाइड लॉरेन पिकार्ट यांनी १९७३ मध्ये मानवी रक्तद्रवातून वेगळे केले.

नामसाधर्म्यामुळे होणारा एक गैरसमज येथे नोंदविणे आवश्यक आहे. ‘मॅलॅकाइट ग्रीन’ या रंजकात तांबे मुळीच नसते. ते कृत्रिम कार्बनी रंजक असून केवळ छटेवरून त्यास हे नाव पडले आहे. ते स्वतंत्र कारणांनी अपायकारक आहे. म्हणून हिरव्या रंगात तांबे आढळले नाही, एवढ्यावरून तो रंग निर्धोक ठरत नाही.

शरीरावरील परिणाम : तांबे हे शरीरास अत्यल्प प्रमाणात आवश्यक असलेले मूलद्रव्य आहे. अभंग त्वचेतून ते फारच थोडे शोषले जाते आणि तांब्याची अधिहर्षता (ॲलर्जी) क्वचितच आढळते. खरचटलेल्या त्वचेवर मात्र विद्राव्य लवणांमुळे आग होते व व्रण चिघळतो. डोळ्यात मोरचूद गेल्यास नेत्रश्लेष्म्याचा तीव्र दाह होतो, तसेच स्वच्छमंडलास इजा होऊन दृष्टी अधू होण्याचा संभव असतो. पोटात गेल्यास ओकाऱ्या, पोटदुखी, तांबड्या रक्तकोशिकांचा नाश व त्यामुळे कावीळ, तसेच यकृत आणि मूत्रपिंड निकामी होणे असे गंभीर परिणाम होतात. विल्सन रोग या आनुवंशिक विकारात शरीराला जादा तांबे बाहेर टाकता येत नाही. अशा रोग्यांच्या बाबतीत तांबे पोटात जाऊ न देण्याची विशेष दक्षता घ्यावी लागते.

तांबे कोणत्या मार्गाने शरीरात जाते याचे महत्त्व महाराष्ट्रातीलच एका संशोधनाने स्पष्ट झाले. लहान मुलांना होणारा व बहुधा प्राणघातक ठरणारा भारतीय बालयकृत् सूत्रण रोग आणि पितळेच्या वा तांब्याच्या कल्हई नसलेल्या भांड्यांत तापवून ठेवलेले दूध यांचा संबंध पुणे येथील शीला भावे व आनंद पंडित आणि ब्रिटिश वैद्य स्टुअर्ट टॅनर यांच्या गटाने १९८३ मध्ये मांडला. पुढे अशा भांड्यांचा वापर मागे पडला आणि हा रोगही विरळ झाला. जे तांबे प्रौढाच्या हातावर निरुपद्रवी असते, तेच अर्भकाच्या दुधात उतरल्यास घातक ठरू शकते. प्रसाधनांच्या संदर्भात याचा अर्थ असा की, ओठांना, दातांना व डोळ्यांना लावावयाच्या पदार्थांची कसोटी हातापायांना लावावयाच्या पदार्थांहून कडक असली पाहिजे.

वऱ्हाडातील परिस्थिती : वरुड, मोर्शी, चांदूर बाजार या अमरावती जिल्ह्यातील संत्र्याच्या पट्ट्यात मोरचूद ही नित्य वापराची वस्तू आहे. एक किग्रॅ. मोरचूद, एक किग्रॅ. चुना व शंभर लिटर पाणी यांपासून एक टक्का बोर्डो मिश्रण तयार करून झाडांवर फवारतात आणि डिंक्या रोगापासून संरक्षणासाठी त्याचाच दाट लेप बुंध्यास लावतात. अमरावतीजवळील नांदगाव पेठ येथील औद्योगिक क्षेत्रात कापडाचे कारखाने आहेत. सुती कापडास पिरोजी छटा देणारे काही विक्रियाशील रंजक ताम्र थॅलोसायनिनापासून तयार करतात व कापड उद्योगात ते सर्वत्र परिचित आहेत. शेतीसाठी व कापडासाठी ही द्रव्ये योग्य असली, तरी त्यांची शुद्धता त्या त्या कामापुरतीच पाहिलेली असते. त्यांत शिसे वा आर्सेनिक यांसारखी अपद्रव्ये किती आहेत, याची त्वचेच्या दृष्टीने तपासणी झालेली नसते. धुळवडीच्या स्वस्त हिरव्या रंगांत मोरचूद आढळल्याचे उल्लेख आहेत. असे रंग डोळ्यांत, तोंडात व खरचटलेल्या त्वचेवर, म्हणजे वर सांगितलेल्या नेमक्या धोक्याच्या ठिकाणी जातात.

भारतातील नियमन : १९४० च्या औषधविषयक अधिनियमात १९६२ मध्ये दुरुस्ती होऊन सौंदर्यप्रसाधने त्याच्या कक्षेत आली. शरीरावर चोळण्याच्या, ओतण्याच्या, शिंपडण्याच्या किंवा फवारण्याच्या आणि स्वच्छता, सौंदर्यवर्धन वा रूपबदल यांसाठी असलेल्या वस्तूंचा प्रसाधनांच्या व्याख्येत समावेश होतो. सध्या २०२० चे सौंदर्यप्रसाधन नियम लागू आहेत. रंगासाठी शिशाची व आर्सेनिकाची संयुगे वापरण्यास बंदी आहे. प्रसाधनांतील कार्बनी रंगांत दहा लाख भागांत आर्सेनिक (ट्राय-ऑक्साइडच्या रूपात मोजून) २ भाग, शिसे २० भाग आणि शिशाखेरीज अन्य जड धातू एकूण १०० भाग यांहून अधिक असता कामा नयेत. तांब्यासाठी या तरतुदीत वेगळी मर्यादा नाही. कोणती रंगद्रव्ये वापरावीत, हे भारतीय मानक ४७०७ मध्ये दिले आहे. निर्मितीचा परवाना राज्य शासन देते; महाराष्ट्रात हे काम अन्न व औषध प्रशासनाकडे असून त्याचे एक विभागीय कार्यालय अमरावती येथे आहे. एखादे ताम्रयुक्त मलम जखम भरून काढते किंवा रोग बरा करते असा दावा केल्यास ते प्रसाधन न राहता औषध ठरते व त्यास औषधाचे नियम लागू होतात.

अन्य देशांतील नियमन : अमेरिकेत पोटॅशियम सोडियम ताम्र क्लोरोफिलीन केवळ दंतप्रसाधनांच्या रंगासाठी व ०.१% पर्यंतच वापरता येते. यूरोपीय संघात हिरवे ताम्र थॅलोसायनीन डोळ्यांच्या प्रसाधनांत वापरण्यास मनाई आहे. अब्जांश कणांच्या (नॅनो) स्वरूपातील तांब्याची सुरक्षितता उपलब्ध माहितीवरून सिद्ध होत नाही असे तेथील शास्त्रीय समितीचे मत पडल्यावर, २०२४ मधील नियमाने अशा तांब्याचा प्रसाधनांतील वापर निषिद्ध करण्यात आला. एकच धातू एका स्वरूपात मान्य व दुसऱ्या स्वरूपात अमान्य ठरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

मर्यादा व दक्षता : नियमांची अंमलबजावणी वेष्टनावरील माहितीवर अवलंबून असते. निर्मात्याचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, गट क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची अंतिम मुदत वेष्टनावर असावी लागते. धुळवडीचा रंगही व्याख्येच्या शब्दांत बसू शकतो. परंतु सुट्या पुडीवर यांपैकी काहीच नसल्याने उल्लंघन कोणी केले, हेच ठरविता येत नाही. कायद्याची खरी उणीव मर्यादेच्या आकड्यांत नसून या निनावी विक्रीत आहे.

विद्राव्य ताम्र लवणाची एक सोपी परीक्षा शाळेतही करता येते. संशयित पूड पाण्यात कालवून त्यात घासून स्वच्छ केलेला लोखंडी खिळा बुडवून ठेवल्यास त्यावर तांबूस थर चढतो. थर चढला नाही तरी पूड सुरक्षित आहे असे मात्र सिद्ध होत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेतील परीक्षणच हवे. डोळ्यात असा रंग गेल्यास डोळा न चोळता स्वच्छ वाहत्या पाण्याने १५ ते २० मिनिटे धुवावा व नेत्रतज्ञाकडे जावे. पोटात गेल्यास मुद्दाम ओकारी काढू नये. रोग्यास तत्काळ रुग्णालयात न्यावे व शक्य असल्यास पुडी बरोबर न्यावी. बागेसाठी आणलेले मोरचूद मूळ वेष्टनातच, मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवणे, ही या बाबतीतील पहिली दक्षता होय.