दाराचा पत्रा आणि स्पीकरचा खर्ज

मोटारीच्या दारातील स्पीकर पोकळ वाजू लागला की दोष त्याच्याच माथी मारला जातो आणि महागड्या स्पीकरचा शोध सुरू होतो. वस्तुतः बहुतेक वेळा पैसा आधी दारावर खर्च व्हायला हवा. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. घरच्या स्पीकरची लाकडी पेटी या दोन परस्परविरोधी लहरींची गाठ पडू देत नाही. दाराच्या आतल्या पत्र्याला मात्र काचेच्या यंत्रणेसाठी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर अनेकदा नुसता प्लास्टिकचा पातळ पडदा असतो. त्यामुळे १०० हर्ट्झच्या आसपास, जिथे लहरीची लांबी सुमारे ३.४ मीटर भरते, मागची लहर पुढे येऊन खर्ज बराचसा पुसून टाकते.

डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, उतरवल्यावर कारागीर बाहेरच्या पत्र्यावर बोटाने टकटक करतो, तेव्हा रिकाम्या डब्यासारखा लांबणारा नाद येतो. पत्रा अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवल्यावर डॅम्पिंग शीट, म्हणजे ब्युटाइल रबराचा ॲल्युमिनियमची पन्नी चढवलेला थर, चिकटवला जातो आणि पन्नीवरची नक्षी सपाट होईपर्यंत त्यावर छोटा रोलर दाबून फिरवला जातो. पत्रा थरथरला की चिकट रबर ताणले जाते आणि कंपनातील ऊर्जा उष्णतेत विरते. त्याच जागी पुन्हा टकटक केली तर केवळ ‘ठप’ ऐकू येते. संपूर्ण पत्रा मढवण्याचा आग्रह दुकानदाराच्या सोयीचा असतो, कारण नाद मोडण्यासाठी साधारण पाव भाग झाकणेही पुष्कळदा पुरते. डांबरी शीट स्वस्त पडते, पण उन्हाळ्यात वास मारते आणि सुटूही शकते.

आतल्या पत्र्याची भोके कडक पट्टीने बंद करावी लागतात, कारण तिथे नुसते शीट लावल्यास तेच फडफडते. स्पीकरखालची कडी एमडीएफची असेल तर ती पाण्याने फुगते, म्हणून प्लास्टिकची बरी. एका बाजूच्या तारा उलट जोडल्या गेल्या तर दोन्ही स्पीकर एकमेकांचा खर्ज खातात आणि सगळी मेहनत वाया जाते.

काही गाड्यांत बाजूच्या एअरबॅगसाठी हवेचा दाब मोजणारा सेन्सर दारातच असतो. तिथे निर्मात्याची माहिती पाहिल्याशिवाय भोके बुजवू नयेत. दाराच्या तळाची पाणी निघण्याची छिद्रे तर कोणत्याही गाडीत मोकळीच ठेवावीत, नाहीतर पावसाळ्यात साचलेल्या पाण्याने दार आतून गंजते.