क्रूझच्या बाल्कनीतली सिगारेट : समजुती आणि वस्तुस्थिती

क्रूझवर बाल्कनीची केबिन घेताना माणूस जास्तीचे पैसे मोजतो ते समुद्र दिसावा आणि मोकळी हवा मिळावी म्हणून. सिगारेट ओढणाऱ्याच्या हिशेबात आणखी एक गोष्ट असते. आपली गॅलरी, आपली खुर्ची; तिथे बसून कुणाला त्रास न देता एखादी सिगारेट ओढता येईल. जहाजावर पाऊल ठेवल्यावर त्याला कळतं की तिथे मनाई आहे, आणि वाद सुरू होतो. सिंगापूरहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या सफरींना महाराष्ट्रातून ग्रुपच्या ग्रुप जातात, मुंबई–गोवा फेरीही आता अनेकांच्या माहितीची झाली आहे. त्यामुळे हा वाद मराठीतही रंगू लागला आहे. मनाईचं कारण विचारलं, तर टूर मॅनेजर बहुधा ‘शेजाऱ्यांना वास येतो’ असं सांगून मोकळा होतो. वास येतो हे खरंच आहे. पण बहुधा सिगारेटमुळे बाल्कनीत लागलेल्या आगीत एक माणूस मेला आहे, हे सहसा कुणी सांगत नाही.

‘बाल्कनी उघड्यावर असते, बाहेर सगळं पाणीच पाणी. तिथे आग कसली लागणार?’

२३ मार्च २००६. ‘स्टार प्रिन्सेस’ हे जहाज कॅरिबियन समुद्रात ग्रँड केमनहून जमैकातल्या माँटेगो बेकडे चाललं होतं. जहाजावर सुमारे २,७०० प्रवासी आणि ११०० कर्मचारी होते. पहाटे तीनच्या सुमारास दहाव्या डेकवरच्या, डाव्या बाजूच्या एका बाल्कनीत ज्वाळा दिसल्या. ब्रिटनच्या सागरी अपघात चौकशी विभागाने, म्हणजे एमएआयबीने, पुढे तपास केला. आगीचं संभाव्य कारण त्यांनी नोंदवलं ते असं : कुणीतरी टाकलेलं सिगारेटचं थोटूक बाल्कनीतल्या जळाऊ वस्तूवर पडलं, ती वस्तू साधारण वीस मिनिटं धुमसत राहिली, आणि मग पेटली.

ही वीस मिनिटं लक्षात ठेवण्यासारखी आहेत. थोटूक टाकणारा माणूस ते विझलं असं समजून आत जाऊन झोपू शकतो, तेवढा हा वेळ आहे. ओढताना सिगारेटच्या टोकाचं तापमान ९०० अंश सेल्सियसच्या आसपास जातं. नुसती जळत ठेवली तरी ते कित्येक शे अंश असतं. आग लागायला अशा टोकाला ज्वाळेची गरज नसते, मऊ गादी किंवा प्लास्टिक पुरतं.

ज्वाळा उठल्यावर मात्र वेळ उरला नाही. सहा मिनिटांत आग अकराव्या आणि बाराव्या डेकवर पोहोचली, आणि शेजारच्या आणखी दोन अग्निविभागांतल्या बाल्कन्यांनाही तिने गाठलं. बाल्कन्यांमधले आडोसे पॉलिकार्बोनेटचे होते, खाली प्लास्टिकच्या फरश्या होत्या, खुर्च्याही प्लास्टिकच्या. हे सगळं जळताना दाट काळा धूर निघाला. उष्णतेने बाल्कन्यांच्या दारांच्या काचा फुटल्या आणि आग केबिनमध्ये शिरली. आत पाण्याचे फवारे सोडणारी यंत्रणा होती, सामान कमी जळणारं होतं, भिंती उष्णता रोखणाऱ्या होत्या, म्हणून ती तिथेच अडली. एक प्रवासी धुराने गुदमरून मरण पावला. तेरा जणांवर धुरामुळे उपचार करावे लागले. ७९ केबिन पूर्ण निकामी झाल्या आणि आणखी २१८ केबिनचं आग, धूर किंवा पाण्याने नुकसान झालं.

केबिनमध्ये आगीची सूचना देणारी यंत्रणा आणि फवारे होते, मग बाल्कनीत का नव्हते? कारण जहाजांच्या सुरक्षिततेचा आंतरराष्ट्रीय करार, ज्याला सोलास म्हणतात, बाल्कनीला जहाजाचा बाहेरचा भाग समजत होता. बाहेरच्या भागाला आतल्यासारखे कडक नियम लागू नव्हते. म्हणजे ‘उघड्यावर आहे, तिथे काय होणार’ ही समजूत एकट्या प्रवाशाची नव्हती. ती नियम लिहिणाऱ्यांचीही होती. दरम्यान जहाजं बदलली होती. एकावर एक अनेक मजले बाल्कन्या, खणांच्या कपाटासारख्या, प्रत्येक खणात प्लास्टिक आणि समोरून वारा. आग चढायला याहून सोयीची रचना शोधून सापडली नसती.

‘पण ते २००६ सालचं. आता नियम बदललेत, जहाजं सुरक्षित आहेत.’

नियम बदलले, आणि लवकर बदलले. डिसेंबर २००६ मध्येच सोलासमध्ये दुरुस्ती मंजूर झाली आणि १ जुलै २००८ पासून ती लागू झाली. नव्या जहाजांबरोबर जुन्यांनाही ती बंधनकारक होती. बाल्कन्यांमधले आडोसे न जळणाऱ्या साहित्याचे हवेत. तिथलं फर्निचर कमी जळणारं हवं, नाहीतर बाल्कनीतही आग ओळखणारी यंत्रणा आणि पाण्याचे फवारे हवेत.

पण हे नियम जहाजाच्या सामानाला लागू होतात, प्रवाशाच्या नव्हे. बाल्कनीत आपण काय काय नेतो ते आठवा. वाळत घातलेला पोहण्याचा पोशाख, टॉवेल, केबिनमधून उचलून आणलेली उशी, कागदी पिशव्या, मुलांचे फुगवायचे खेळ. हे कुठल्याही करारात बसत नाही. आडोसा पेटणार नाही, टॉवेल पेटेल. म्हणून साहित्य बदलल्यावर सिगारेटची मनाई अनावश्यक ठरते, असं म्हणता येत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. साहित्याचा नियम दोन वर्षांत आला, पण बाल्कनीत सिगारेट बंद करायला मोठ्या कंपन्यांनी बराच वेळ घेतला. ‘स्टार प्रिन्सेस’ चालवणाऱ्या प्रिन्सेस क्रूझेसने ती जानेवारी २०१२ पासून बंद केली. रॉयल कॅरिबियनने जानेवारी २०१४ पासून, कार्निव्हलने ऑक्टोबर २०१४ पासून. सिगारेट ओढणारा ग्राहक हातचा जाईल ही भीती त्यामागे होती, असं मला वाटतं. कार्निव्हलचा अनुभवही तसाच होता. त्यांनी १९९८ मध्ये ‘पॅराडाइज’ हे संपूर्ण धूम्रपानमुक्त जहाज आणलं. कुणी सिगारेट ओढताना सापडला, तर २५० डॉलर दंड आणि पुढच्या बंदरावर रवानगी. जहाज लोकप्रिय होतं, तरी धंद्याच्या गणितात ते बसलं नाही आणि २००४ मध्ये हा प्रयोग थांबला.

‘थोटूक समुद्रात टाकलं की प्रश्नच मिटला.’

ते समुद्रात पडेलच असं नाही. क्रूझ जहाज ताशी २० सागरी मैलांनी, म्हणजे सुमारे ३७ किलोमीटर वेगाने चाललं असेल, तर त्याच्या बाजूने तेवढ्याच वेगाने हवा मागे जाते. त्यात नैसर्गिक वाऱ्याची भर वेगळी. बाल्कन्या म्हणजे जहाजाच्या अंगातल्या खोबणी. बाजूने धावणारी हवा अशा प्रत्येक खोबणीशी वळते आणि भोवरा करून आत शिरते. हलकं थोटूक या हवेबरोबर खालच्या किंवा मागच्या एखाद्या बाल्कनीत जाऊन पडू शकतं. टाकणाऱ्याला ते दिसतही नाही. वारा लागल्याने ते विझण्याऐवजी फुलतं.

आणि समुद्रात पडलंच, तरी प्रश्न मिटत नाही. सिगारेटचा फिल्टर कापसाचा दिसतो, पण असतो सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. जहाजावरून कुठलंही प्लास्टिक समुद्रात टाकायला मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराने १९८८ च्या अखेरीपासून बंदी आहे. पाण्याच्या ग्लासात थोटूक बुडवून तो ग्लास बाल्कनीत ठेवणं हाही उपाय नव्हे. वाऱ्याने ग्लास लवंडतो, आणि सकाळी केबिन साफ करणाऱ्या माणसाला तो पुरावा म्हणून सापडतो.

‘समुद्रावर इतका वारा. धूर क्षणात उडून जातो.’

धूर उडून जातो, पण कुठे, हा प्रश्न आहे. सिगारेटचा गरम धूर पहिल्या काही क्षणांत वर चढतो. मग तो थंड होतो आणि हवा नेईल तिकडे जातो. बाल्कन्यांमधल्या आडोशांना खाली आणि कडेला फटी असतात. जहाज चालू असताना धूर मागच्या बाजूच्या बाल्कन्यांकडे जातो. जहाज बंदरात उभं असेल आणि वारा पडलेला असेल, तर तो वरच्या मजल्यांवर रेंगाळतो. शेजाऱ्याने बाल्कनीचं दार उघडलं आणि त्याच वेळी केबिनचंही दार उघडलं, तर बाहेरची हवा झोताने आत खेचली जाते. रात्री दार उघडं ठेवून झोपलेल्या माणसाच्या खोलीत धूर शिरतो तो असा.

स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या क्लेपिस, ऑट आणि स्विट्झर या संशोधकांनी उघड्यावरच्या सिगारेटच्या धुराची मोजमापं २००७ मध्ये प्रसिद्ध केली. ओढणाऱ्यापासून दोन फुटांच्या आत, वाऱ्याच्या दिशेला बसलेल्या माणसाला मिळणारं सूक्ष्म कणांचं प्रमाण बंद खोलीइतकं असू शकतं, असं त्यांना आढळलं. सहा फुटांपलीकडे ते बरंच उतरतं, आणि सिगारेट विझली की बाहेरची हवा लगेच स्वच्छ होते. खोलीत तसं होत नाही, तिथे धूर तासन्‌तास राहतो.

या निष्कर्षाचा दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापर करतात, म्हणून स्पष्ट सांगायला हवं. शेजारच्या बाल्कनीतल्या एका सिगारेटने निरोगी माणसाच्या फुप्फुसाचं मोठं नुकसान होतं, असं या अभ्यासातून निघत नाही. पण क्रूझच्या दोन बाल्कन्यांमधल्या खुर्च्यांचं अंतर पुष्कळदा सहा फुटांहूनही कमी असतं. म्हणजे उघड्यावरचा धूर बराच विरळ होतो तेवढं अंतर तिथे पुष्कळदा मिळतच नाही. अमेरिकेच्या सर्जन जनरलच्या २००६ च्या अहवालाने दुसऱ्याच्या धुराला कुठलीही सुरक्षित मर्यादा नाही असं नमूद केलं आहे. दम्याचा रुग्ण, गरोदर बाई, लहान मूल यांना ‘थोडासाच तर येतो’ हे उत्तर देता येणार नाही. त्यांनीही त्याच मोकळ्या हवेचे पैसे मोजलेले असतात.

‘केबिन माझी, बाल्कनी माझी. मला कोण अडवणार?’

तिकिटाबरोबर प्रवासाचा करार येतो, आणि जहाजाचे नियम त्या कराराचा भाग असतात. तो फारसं कुणी वाचत नाही, पण लागू सगळ्यांना होतो. दंडाची रक्कम बऱ्याच कंपन्यांत २५० डॉलर आहे, कार्निव्हलने ती ५०० केली आहे. ती तुमच्या जहाजावरच्या खात्यात थेट लागते. पुन्हा पुन्हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या बंदरावर उतरवता येतं, आणि तिथून घरी जायचा खर्च त्याचा त्याने करायचा असतो.

याच्या उलट समजूतही आहे : ‘आता जहाजावर धूर कुठेच नसतो.’ तसं नाही. बहुतेक जहाजांवर उघड्या डेकचा ठरावीक कोपरा किंवा एक बाजू सिगारेटसाठी राखलेली असते, आणि अनेक जहाजांच्या कॅसिनोत आजही ओढायची परवानगी आहे. कॅसिनो पुष्कळदा मधल्या रहदारीच्या डेकवर असतो, त्यामुळे जेवणघराकडे जाताना धुरातून जावं लागतं. कंपनीगणिक, कधी जहाजागणिकही नियम वेगळे असतात. धुराचा त्रास असेल, तर केबिन ठरवण्याआधी डेकचा नकाशा पाहा आणि राखलेला कोपरा कुठे आहे ते बघून त्याच्या जवळची बाल्कनी टाळा.

‘व्हेप म्हणजे सिगारेट नव्हे, त्याला कोण विचारतं?’

मोठ्या क्रूझ कंपन्या व्हेपला, म्हणजे ई-सिगारेटला, सिगारेटचेच नियम लावतात. व्हेपमध्ये जळतं टोक नसतं हे खरं, पण त्यातून निघणाऱ्या फवाऱ्यात बहुतेकदा निकोटीन असतं आणि आत लिथियमची बॅटरी असते. आपल्या माणसांसाठी त्याहून मोठी अडचण जहाजाबाहेर आहे. भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि साठा यांवर बंदी आहे. सिंगापुरात १ फेब्रुवारी २०१८ पासून व्हेप वापरणं तर सोडाच, जवळ बाळगणंही गुन्हा आहे. क्रूझ पकडायला सिंगापूरच्या विमानतळावर उतरलेल्या पाहुण्याला त्यातून सूट नाही. गुटखा, खैनी आणि जर्द्यावरही तिथे १ ऑगस्ट २०१६ पासून बंदी आहे. ‘सिगारेट नाही ना, तंबाखूची पुडी आहे’ म्हणून निर्धास्त राहणाऱ्या काकांना हे निघण्याआधी घरूनच सांगायला हवं. सिगारेटच्या पाकिटांवरही सिंगापुरात करमाफी नाही. एक पाकीट असलं तरी ते जाहीर करून कर भरावा लागतो.

‘तक्रार करून काही होत नाही.’

होतं, पण तक्रार केव्हा आणि कशी करता यावर ते अवलंबून असतं. दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर काउंटरवर जाऊन ‘काल रात्री धूर येत होता’ असं सांगितलं, तर कर्मचाऱ्याच्या हाती काहीच नसतं. वासावरून कुणाला दंड करता येत नाही, आणि धूर नेमका कुठल्या बाल्कनीतून आला हे तुम्हालाही खात्रीने सांगता येत नाही. वाऱ्यामुळे तो दोन केबिन पुढूनही आलेला असू शकतो. म्हणून धूर येत असतानाच केबिनमधल्या फोनवरून गेस्ट सर्व्हिसला कळवावं. आपला केबिन नंबर, वेळ आणि धूर पुढच्या बाजूने येतोय, मागच्या की खालच्या, एवढं सांगितलं की पुरे. सुरक्षा कर्मचारी येऊन पाहतात, आणि आजूबाजूच्या केबिन साफ करणाऱ्यांनाही राख आणि थोटकं बघायला सांगितलं जातं. आडोशावरून वाकून शेजाऱ्याशी भांडू नये. ओढणारा तोच असेल असं नाही, आणि तेवढ्या उंचीवर कठड्याबाहेर वाकणं सिगारेटहूनही धोक्याचं आहे. धूर थांबला नाही तर दुसरी केबिन मागावी. जहाजावर एखादी रिकामी असेल तर ती मिळू शकते, मात्र मागणीआधी दोन-तीन वेळा तक्रारीची नोंद झालेली असली तर काम सोपं होतं. आणि खालच्या बाल्कनीत धुमसणारं काही दिसलं, तर गेस्ट सर्व्हिसची वाट न बघता तातडीच्या नंबरवर फोन करावा. तो केबिनमधल्या फोनवरच लिहिलेला असतो.