लिनक्स आणि देवनागरी संहिता : परिपक्वतेची एक कसोटी

घरगुती व कार्यालयीन संगणकांसाठीची प्रणाली म्हणून लिनक्स कितपत परिपक्व झाली, याची चर्चा बहुधा तिचा वेग आणि तिचे बाह्य रूप यांच्या अंगाने होते. मराठीच्या अभ्यासकाला मात्र वेगळी कसोटी लावावी लागते. ‘आचार्याला’ आणि ‘आचाऱ्याला’ हे दोन शब्द ही प्रणाली वेगळे लिहू, जपू आणि शोधू शकते काय? एक गुरू, दुसरा स्वयंपाकी. हा भेद पुसणारा संगणक संहितेच्या अभ्यासाला निरुपयोगी होय.

लिनस टोरवाल्ड्स यांनी लिनक्सचा गाभा १९९१ मध्ये लोकांसमोर ठेवला. देवनागरीचा समावेश असलेली युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तरीही या दोहोंची भेट होण्यास दशकभर लागले. केडीई (१९९६) व नोम (१९९७) या प्रकल्पांनी लिनक्सला खिडक्या आणि चित्रे दिली खरी. पण अक्षरामागे अक्षर ठेवत जाणे एवढेच लेखन त्या काळच्या आज्ञावलींना ठाऊक होते. देवनागरीत ऱ्हस्व इकार व्यंजनानंतर साठवला जातो आणि त्याच्या आधी दिसतो. रफाराचे नेमके उलट. हा क्रमविपर्यय सांभाळणारी ‘पँगो’ ही व्यवस्था २००२ मध्ये नोमच्या पायाभूत साधनांत आली. पुढे ‘हार्फबझ’ने हेच काम अधिक नेमकेपणाने केले आणि आज लिनक्सबाहेरचे अनेक न्याहाळकही तिच्यावर विसंबून आहेत. अक्षरे नीट दिसण्याचा प्रश्न येथे बव्हंशी मिटला, असे म्हणता येईल.

जपण्याचा प्रश्न मात्र निराळा आहे. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या मराठी टंकांत वर्ण साठवले जात नसत. काना, अर्धी अक्षरे, वेलांट्या असे आकारांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असत, आणि प्रत्येक निर्मात्याची मांडणी वेगळी. टंक हरवला की उरते ती निरर्थक रोमन अक्षरांची रांग. त्या काळात संगणकावर जुळवलेले कितीतरी प्रबंध आणि नियतकालिके अशाच रूपात पडून आहेत. लिनक्सकडे वळणाऱ्या विभागाला खरी अडचण येते ती येथे, प्रणालीत नव्हे. रूपांतरक आज्ञावली आहेत; परंतु जोडाक्षरांतील चुका अखेरीस मुद्रितशोधकाच्या डोळ्यांनीच वेचाव्या लागतात.

शोधण्याच्या बाबतीत तर युनिकोडनेही गुंता ठेवला आहे. ‘ऱ्य’मधील अर्धा र दोन प्रकारे साठवता येतो : ऱ या स्वतंत्र वर्णाला हलन्त जोडून, किंवा साधा र, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. दिसण्यात फरक नाही. शोध मात्र एकाला सापडतो, दुसऱ्याला चुकतो. ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले, त्याआधीच्या संहितांत तो अ आणि चंद्र अशा दोन चिन्हांनी लिहिलेला आढळतो.

विंडोज १० चे सर्वसाधारण साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबले. विंडोज ११ न पेलणाऱ्या जुन्या यंत्रांपुढे लिनक्स हा एक सरळ पर्याय आहे, आणि महाविद्यालयांत अशा यंत्रांची वाण नाही. पुढची वाटचाल बरीचशी शब्दशुद्धीच्या साधनांवर अवलंबून राहील. तेथे नुसती शब्दसूची अपुरी पडते. ‘घर’ सूचीत असले तरी ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’ नसते. सामान्यरूप आणि त्यापुढील प्रत्ययांची साखळी नियमांनीच सांगावी लागते. लिनक्सवरील अशी साधने मुक्त असल्याने हे नियम कोणालाही तपासता आणि सुधारता येतात. ते लिहिण्यासाठी आज्ञावलीकाराइतकीच व्याकरणाच्या अध्यापकाची गरज आहे.