नाकासमोरचं अंतर

चंद्रपूर ते गडचिरोली विमानाने किती वेळ लागेल, असं इंटरनेटला विचारा. उत्तर क्षणात मिळतं, तेही मिनिटांत. फक्त ते विमान कुठेच नसतं. चंद्रपूरजवळच्या मोरव्याला छोटी धावपट्टी आहे, पण तिथून नियमित प्रवासी सेवा नाही. गडचिरोलीत तर विमानतळच नाही, आहेत ती हेलिपॅड.

मग हा आकडा येतो कुठून? दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, सरळ अंतर काढायचं, त्याला ठरावीक वेगाने भागायचं आणि वर उड्डाण-उतरणीसाठी काही मिनिटं घालायची. गणित शाळेतलंच आहे, हातानेही जमतं. उदाहरणार्थ, गडचिरोली ते त्याच जिल्ह्यातलं भामरागड घ्या. गडचिरोली २०.१८ उत्तर, ८०.०० पूर्व. भामरागड १९.४१ उत्तर, ८०.५८ पूर्व. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. रेखांशाचा अंश विषुववृत्तावर तेवढाच, पण ध्रुवाकडे जाताना आक्रसत जातो. आपल्याकडे तो साधारण १०५ भरतो. म्हणजे दक्षिणेकडे ८५ आणि पूर्वेकडे ६१ किलोमीटर. पायथागोरस लावला की कर्ण निघतो जवळपास १०५. पृथ्वी गोल असल्याचा फरक एवढ्या अंतरात नगण्य.

गंमत अशी की चंद्रपूर-गडचिरोलीच्या बाबतीत ही सगळी खटपट फुकटच. सरळ रेषेत पाऊणशेच्या वर आणि मूल-सावलीमार्गे रस्त्यानेही ऐंशीच्या आसपास. विमानात बसून फायदा काय? ते उंची गाठतंय तोवर उतरायची वेळ होणार. शिवाय मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेला की हवा विरळ होते. १५ अंशांच्या हवेपेक्षा तिची घनता सुमारे दहा टक्क्यांनी कमी भरते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो आणि तेच विमान जमीन सोडायला जास्त लांब धावपट्टी मागतं. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात आखूड धावपट्टी आणखी आखूड होते म्हणा ना!

खरा फरक दिसतो तो दक्षिणेकडे. गडचिरोलीहून भामरागडला जायचं तर चामोर्शी, आष्टी, आलापल्ली असा वळसा घालून रस्ता पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास जातो. ताशी २३० किलोमीटर वेगाचं हेलिकॉप्टर सरळ रेषेतलं १०५ किलोमीटरांचं अंतर अर्ध्या तासात कापतं. एप्रिल २०२४च्या लोकसभा निवडणुकीत जिल्ह्यातल्या दुर्गम केंद्रांकडे मतदान पथकं हेलिकॉप्टरने गेली, त्यात सुरक्षेइतकंच हे गणितही होतं.

पण अर्धा तास हा उघड्या आकाशाचा हिशेब. भामरागडला पर्लकोटा, पामुलगौतमी आणि इंद्रावती एकत्र येतात. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं पाणी पुढे सरकत नाही. ते मागे तुंबतं आणि जुना ठेंगणा पूल पाण्याखाली जातो. हेलिकॉप्टरची सर्वात जास्त गरज असते ती तेव्हाच. आणि नेमके तेव्हाच ढग झाडांच्या शेंड्यांपर्यंत उतरलेले असतात. जंगलावरून नजरेच्या भरवशावर उडणाऱ्या वैमानिकाला मग थांबण्यावाचून गत्यंतर नसतं. कोणत्याही संगणकाच्या उत्तरात ही थांबण्याची वेळ धरलेली नसते.

पूर ओसरला की पुलावरचा गाळ आणि ओंडके बाजूला करतात, आणि मग एस. टी. सुटते.