आडनावातले गाव

या विषयावरील आमचे व्याख्यान झाले त्या संध्याकाळी टेबलावर चिठ्ठ्यांचा ढीग जमला होता. एरवी चिठ्ठ्यांत शंका असतात. या चिठ्ठ्यांत बहुतेक नुसती आडनावे होती आणि खाली एकच प्रश्न: "आमचे मूळ कोठले?" एका गृहस्थांनी मात्र जरा रागानेच हकीकत लिहिली होती. आडनावात जे गाव आहे तेथे ते मुलाबाळांसह मुद्दाम जाऊन आले. पाटलांना भेटले, देवळात गेले, म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारले. त्या आडनावाचे एकही घर गावात नव्हते, आणि कधी होते असे कोणाला आठवतही नव्हते. "मग ही आडनावे म्हणजे थापाच समजावयाच्या काय?" असा त्यांचा सवाल होता. त्या दिवशी वेळ संपल्यामुळे उत्तर राहिले. ते येथे देत आहो.

आमचे म्हणणे असे की, गावात कोणी सापडले नाही म्हणून त्या गृहस्थांनी नाउमेद होण्याचे कारण नाही. तसेच व्हावयाचे होते. 'कर' लावून गावाचे आडनाव पडते ते गावात राहणाऱ्याला सहसा नव्हे, गाव सोडून जाणाऱ्याला. चौलात सगळेच चौलचे. तेथे एकाला चौलकर म्हणण्यात काय हशील? तो मुंबईस किंवा पुण्यास आला म्हणजे शेजारी त्याला चौलकर म्हणू लागतात. गावात राहिलेल्या त्याच्या भावकीचे जुने उपनाव तसेच चालू राहते. म्हणून अशा एखाद्या आडनावाची घरे नकाशावर टिंबांनी दाखविली, तर बहुधा मधोमध मोकळी जागा आणि भोवती कडे अशी आकृती उमटते. त्या मोकळ्या जागेत आडनावाचे गाव असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण सर्वांच्या परिचयाचे आहे. त्यांच्या घराण्याचे उपनाव सकपाळ, मूळ गाव मंडणगड तालुक्यातील आंबडवे. वडील लष्करात, जन्म 1891 साली महूचा. आंबेडकर हे नाव चढले ते 1900 साली, साताऱ्याच्या शाळेच्या दप्तरात, आंबडव्यास नव्हे. मास्टर दीनानाथांचे वडील मंगेशीच्या देवळाचे पुजारी. त्या घराण्यात अभिषेकी, हर्डीकर ही नावे चालत. दीनानाथ गोवा सोडून रंगभूमीवर आले आणि मंगेशकर झाले.

इंग्लंडात हा अभ्यास ज्यांनी प्रथम नेटाने केला ते हेन्री गप्पी हे पेशाने वैद्य आणि वृत्तीने निसर्गशास्त्रज्ञ. वनस्पतींचा प्रसार कसा होतो याचा छंद असलेल्या या माणसाने माणसांची नावेही वनस्पतींसारखीच पाहिली आणि 1890 साली ब्रिटनमधील कुलनामांच्या वसतिस्थानांवर ग्रंथ लिहिला. त्यांनी मोजणीसाठी फक्त शेतकरी निवडले, कारण शेतकरी जमिनीला चिकटून असतो. दर दहा हजार शेतकऱ्यांत एखादे नाव किती, हे परगण्यापरगण्याने काढले की नाव जेथे दाट तेथे त्याचे घर. ही रीत आपल्याकडील मोरे, जाधव अशा कुळींच्या नावांना काही प्रमाणात लागू पडेल. 'कर'वाल्यांना ती सरळ लावली तर मात्र फसगत होते. दाटी मुंबईत दिसेल, आणि मुंबई तर कोणाचेच मूळ नव्हे. (मुंबईचे कोळी बांधव यावर आम्हांला धारेवर धरतील, त्यांची क्षमा मागतो.)

दुसरी अडचण एकाच नावाच्या अनेक गावांची. समजा, आडनाव वडगावकर आहे. एकट्या पुणे जिल्ह्यात वडगाव मावळ, वडगाव बुद्रुक, वडगाव शेरी, वडगाव रासाई, वडगाव निंबाळकर अशी कितीतरी वडगावे आहेत. अशा वेळी नुसते नाव मुके असते. बोलते ते भोवतालचे कडे. मतदारयाद्या चाळून त्या आडनावाची जुनी घरे कोणत्या दोनचार तालुक्यांत आहेत ते पाहावे. नोकरीनिमित्त शहरात आलेली घरे वगळावी. पूर्वी माणूस गाव सोडी तो पहिल्या खेपेस फार दूर जात नसे. बाजाराचे गाव, सोयऱ्याचे गाव, फार तर घाटाखालून घाटावर. त्यामुळे कड्याचा आतला काठ बहुधा खऱ्या वडगावाच्या जवळ येतो.

नकाशा कोठवर नेतो आणि कोठे सोडून देतो, हे बेने इस्राएल समाजाइतके स्पष्ट दुसरीकडे क्वचितच दिसेल. मराठी बोलणारा हा ज्यू समाज. समुद्रात गलबत फुटून आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यास लागले, अशी त्यांची परंपरागत कथा आहे. ते तेलाचे घाणे चालवीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. त्यांची आडनावे पाहा: रोहेकर, पेणकर, चौलकर, नवगावकर, अष्टमकर, झिराडकर, केहिमकर, दिवेकर. गावे नकाशावर मांडली की अलिबाग, पेण, रोहे हा जुना कुलाबा, म्हणजे आजचा रायगड जिल्हा डोळ्यांपुढे उभा राहतो. एकेका गावी एखाददुसरे घर घाण्यापुरते वसले असावे, असे ती विखुरलेली नावे पाहून वाटते. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 साली ज्यांनी बांधविले तेही दिवेकरच. पुढे 1948 नंतर समाजातील बरेच लोक इस्राएलला गेले, आणि दिवेआगर व किहीम ही गावे आडनावांतून तिकडे पोहोचली.

म्हणजे या नावांनी रायगडापर्यंतची वाट चोख दाखविली. त्यामागची? तेथे नाव एक अक्षर बोलत नाही. ती वाट 2016 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक तपासणीने थोडी उजेडात आणली. तीत या समाजात पश्चिम आशियातील ज्यू आणि भारतीय असे दोन्ही वारसे आढळले. शिवाय कोकणस्थ ब्राह्मणांतही दिवेकर आहेत. दोघांचे गाव एक असू शकेल. कूळ एक नव्हे. आडनावावरून जात ओळखण्याची आपल्याकडे जी खोड आहे तिला एवढे एक उदाहरण पुरे व्हावे.

नावाचे शेपूटही कधी वाट सांगते. चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळकडे कन्नमवार, मुनगंटीवार, वडेट्टीवार अशी नावे भेटतात. हा 'वार' तेलुगूतील 'वारु'चा, म्हणजे अमक्यांचे लोक. घरात आज शुद्ध वऱ्हाडी बोलत असले तरी नाव तेलुगू मुलखाकडे बोट दाखविते. दक्षिणेस चित्रापूर सारस्वतांत कार्नाड, पडुकोण, बिजूर अशी नुसती गावेच आडनावे होतात. 'कर' गळून पडतो.

तेव्हा त्या गृहस्थांना आमची सूचना अशी. आडनावाच्या आधीचे उपनाव कोणते, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून आधी काढावे. त्यांना ठाऊक नसेल तर नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या पाहाव्या; यात्रेकरूचे गाव, उपनाव आणि वंश त्यांत लिहून ठेवण्याची रीत आहे. घराण्यात वतन असल्यास पुण्याच्या पेशवे दफ्तरात कागद मिळण्याचा संभव आहे. मग पुन्हा त्या गावी जावे. पण या खेपेस "आमच्या आडनावाचे येथे कोणी आहे काय" असे विचारू नये. आपले जुने उपनाव सांगावे, कुलदैवत सांगावे, आणि त्या भावकीतले कोणते घर पूर्वी गाव सोडून गेले, ते विचारावे.