डॉक्टर, झोप लागत नाही!

काउन्सेलरकडे जाणं आता आपल्या ग्रुपमध्ये लपवायची गोष्ट राहिलेली नाही. कॉफी पिता पिता ‘माझी थेरपिस्ट म्हणाली...’ असं कुणीतरी सहज बोलून जातं. मीही वर्षभर जातेय. पुण्यात, पन्नास मिनिटांचे दीड हजार रुपये. खिशाला चाट बसते, पण जमवते कसंतरी.

माझ्या मावशीचं काय?

मावशी सावंतवाडीजवळच्या गावात राहते. काका गेल्यापासून तिला झोप नाही, डोकं जड, अंग सतत दुखतं. भजनी मंडळ सुटलं, शेजारी जाणं बंद. तपासण्या झाल्या, इंजेक्शनं झाली, टॉनिकच्या बाटल्या संपल्या. रिपोर्ट सगळे नॉर्मल! मी चाचरत म्हटलं, ‘मावशी, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवूया का?’ ती उखडलीच. ‘म्हणजे आता मला रत्नागिरीला नेणार?’ कोकणात रत्नागिरी म्हणजे हापूस, तसंच मनोरुग्णालयही!

पण फॅमिली डॉक्टरकडे ती दर पंधरा दिवसांनी जाते. मग मनाचा इलाज तिथेच का मिळू नये?

हा प्रश्न तिच्या घरापासून फार लांब नाही, शेजारच्या गोव्यात विचारला गेलाय. तिथल्या ‘संगत’ या संस्थेचे डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १२ सरकारी आरोग्य केंद्रं आणि १२ खासगी दवाखाने निवडले. त्यातल्या निम्म्या ठिकाणी डॉक्टरांच्या जोडीला एक समुपदेशक बसवली. सायकॉलॉजीची पदवी नसलेली, स्थानिक, खास ट्रेनिंग घेतलेली. पेशंटला काय होतंय हे ती समजावून सांगायची, त्याचं ऐकून घ्यायची. गरज असेल तर औषध डॉक्टर द्यायचे. मानसोपचारतज्ज्ञ मागे उभे असायचे, अवघड केससाठी.

२०१० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निकाल आला. सहा महिन्यांनी सरकारी केंद्रांत समुपदेशक असलेल्या ठिकाणचे सुमारे ६६ टक्के पेशंट बरे झाले होते, नसलेल्या ठिकाणचे ४२ टक्के. खासगी दवाखान्यांत मात्र गंमतच झाली. समुपदेशक असो वा नसो, आकडा ६५च्या आसपासच! वाचून मी आधी हिरमुसले. मग वाटलं, कदाचित तिथे रोज भेटणारा, घरचं सगळं ठाऊक असलेला डॉक्टरच अर्धं काम करत असेल.

पुढे १० आरोग्य केंद्रांत आणखी एक प्रयोग झाला. या वेळी डिप्रेशन जास्त तीव्र असलेले ४९५ पेशंट होते. साधारण अर्ध्या-पाऊण तासाची सहा ते आठ सेशन्स. भर एकाच गोष्टीवर : बंद पडलेली छोटी छोटी कामं पुन्हा सुरू करणं. तीन महिन्यांनी हे सेशन्स मिळालेले ६४ टक्के लोक डिप्रेशनमधून बाहेर आले होते, न मिळालेले ३९ टक्के. हा निकाल २०१७ चा.

म्हणजे दीड हजारवाल्या केबिनची गरज प्रत्येकाला नसते. गरज असते ती ओळखीच्या दवाखान्यात, वेळ देऊन ऐकणाऱ्या, नीट शिकवलेल्या माणसाची.

हे सगळं डोक्यात घेऊन मी मागच्या महिन्यात मावशीबरोबर दवाखान्यात गेले. बाहेर चाळीस तरी पेशंट. डॉक्टरांना म्हटलं, ‘हिचं दुखणं मनाचं तर नसेल?’ ते थकलेलं हसले. ‘मला कळत नाही असं नाही हो. पण तुम्हीच सांगा, एकेकाला अर्धा तास देऊ कुठून?’

खरंच कुठून देणार? गोव्यात तो अर्धा तास द्यायला दुसरं माणूस होतं.

१४४१६ हा ‘टेलि-मानस’चा सरकारी नंबर २०२२ पासून सुरू आहे. फुकट, मराठीतही बोलता येतं. मी मावशीला तो आधीच दिला होता. पण ‘अनोळखी माणसाशी फोनवर काय बोलू?’ म्हणून तिने तो कॅलेण्डरवर लिहून ठेवला, बस्स.

त्या दिवशी डॉक्टरांनी गोळ्यांच्या चिठ्ठीवरच तो नंबर लिहिला. म्हणाले, ‘ताई, हेसुद्धा औषधच. आधी हे करा.’

कंपाउंडरने आतल्या खोलीत खुर्ची दिली. मावशी आत गेली, दार लोटून घेतलं. बाहेर आली तेव्हा डोळे लाल होते.

‘पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलायचंय म्हणे,’ ती म्हणाली. ‘इथेच येऊन बोलेन.’